वकील गाठण्याआधी कान इकडे कर

बाबू, भंडाऱ्यात चांगला सॉलिसिटर कोण आणि बॅरिस्टर वेगळा करावा लागेल का, असं तू लंडनहून विचारलंस. तिकडच्या रीतीनं तुझा प्रश्न बरोबर आहे. इकडची रीत निराळी आहे. ती समजून घेतलीस तर तुझे पैसे वाचतील आणि तुझ्या बहिणीच्या लाखनी ते भंडारा अशा चकरा वाचतील. दावा धुऱ्याचा असो की गोसीखुर्द धरणाच्या मोबदल्याचा, वकील कोण यापेक्षा पक्षकार कसा यावर पुष्कळ काही ठरतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मोठी आई सांगते ते बसून वाच, आणि बहिणीलाही वाचून दाखव.

१. इथे नुसता वकील शोध — १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं सगळ्या वकिलांचा एकच वर्ग केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर-बॅरिस्टरांची जी जुनी विभागणी उरली होती, तीही १९७६ च्या दुरुस्तीनं गेली. कागद तयार करणारा आणि कोर्टात उभा राहणारा माणूस आपल्याकडे एकच असतो.

बॅरिस्टर म्हटलं की आपल्या जुन्या माणसांचा आवाज अजून आदरानं खाली येतो. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले बाबासाहेब १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले होते. तो मान अशा माणसांनी कमावलेला आहे. तुला मात्र आज पदवी बघायची नाही, काम बघायचं आहे.

२. वकिलाआधी दार ओळख — फेरफाराची तक्रार महसूल अधिकाऱ्यांकडे जाते आणि मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालय करतं. फेरफारात नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं नव्हे, हे गावात दहा जण उलटं सांगतील तरी लक्षात ठेव.

३. धुरा सरकल्याचं भांडण असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज कर — मोजणीचा नकाशा हातात नसेल तर उत्तम वकीलही हवेतच बोलतो. कित्येक भांडणं मोजणीच्या खुणा गाडल्या त्याच दिवशी निवतात.

४. पांदण रस्ता किंवा बांधीचं पाणी कोणी अडवलं तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जा — १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यानं तो अडथळा काढण्याचा अधिकार त्यांना दिला आहे. सहा महिने समजावण्यात गेले तर हा सोपा रस्ता बंद होतो.

५. दावा जिथे चालणार तिथेच रोज बसणारा वकील घे — तुमसर, साकोली किंवा पवनीच्या कोर्टातल्या कामाला भंडाऱ्याचा मोठा वकील पेशीपेशीला धावत येईलच असं नाही. अपील नागपूर खंडपीठात गेलं तर साठेक किलोमीटरवरचा दुसरा वकील लागेल, त्याचा विचार तेव्हा कर.

६. नाव विचारायचं तर कोर्टाच्या आवारात विचार — अर्जनवीस, मुद्रांक विक्रेते आणि आपला पुकारा व्हायची वाट बघणारे पक्षकार यांना सगळं ठाऊक असतं. त्यांना “चांगला कोण” असं विचारू नकोस. “पेशीला स्वतः कोण उभा राहतो” असं विचार.

७. शक्य झालं तर बहिणीला दोन दिवस कोर्टात मागच्या बाकावर नुसतं बसू दे — न्यायालय उघडं असतं, कोणालाही ऐकता येतं. न्यायाधीशांनी प्रश्न विचारल्यावर कोणाची फाईल चटकन उघडते आणि कोण “पुढची तारीख द्या” म्हणतो, हे डोळ्यांनीच दिसतं.

८. जाहिरात दिसत नाही म्हणून वकील लहान समजू नकोस — बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करायला आणि काम मागत फिरायला मनाई आहे. उलट जो स्वतःहून दवाखान्यात किंवा घरी येऊन काम मागतो, त्याला चहा दे आणि वाटेला लाव.

९. दलालाच्या हातून वकिलाकडे जाऊ नकोस — त्याचा हिस्सा तुझ्याच फीमधून निघतो, आणि तो तुझ्यापेक्षा आपल्या हिश्शाची काळजी जास्त घेतो. कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं अशा दलालांच्या याद्या न्यायालयात लावायचीही सोय केली आहे.

१०. सनदेचा क्रमांक विचारायला लाजू नकोस — राज्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या किंवा दुसऱ्या एखाद्या राज्याच्या, नोंदीत नाव असलेल्यालाच वकिली करता येते. काळा कोट शिंप्याकडेही शिवून मिळतो.

११. नात्यातला वकील सल्ल्याला बरा, दाव्याला दूरचा बरा — भाऊबंदकीच्या वाटणीत तो दोन्ही घरचा पाहुणा असतो, आणि फी मागायला तो लाजतो, काम विचारायला तू लाजतोस.

१२. दोघा-तिघांना भेट आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: “माझ्या बाजूनं कच्चं काय आहे?” — जो कच्चेपणा सांगतो त्यानं कागद वाचलेला असतो. “शंभर टक्के जिंकतो” म्हणणाऱ्याला नमस्कार कर, तो निकाल कोणाच्याच हातात नसतो.

१३. पैसा नाही म्हणून हक्क सोडू नकोस — १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कामगार आणि कोठडीत असलेले यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावायचा.

हे मी बहिणीसाठी मुद्दाम लिहिते आहे. मोफत म्हणजे हलकं, असा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. प्राधिकरणाच्या यादीतले वकील याच कोर्टात याच न्यायाधीशांपुढे उभे असतात. पोटगी, कौटुंबिक हिंसा आणि घटस्फोटाच्या कामात महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायशुल्कही माफ आहे. ती लाजत असेल तर तिला सांग, हा उपकार नाही, कायदा आहे.

आता पहिल्या भेटीचं.

१४. जाण्याआधी एका पानावर तारखांची यादी कर: खरेदी कधी, वारस नोंद कधी, भांडण कधी, नोटीस कधी — वकील गोष्ट ऐकत नाही, क्रम ऐकतो. आजोबांच्या स्वभावाचं वर्णन मागाहून कर.

१५. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, विक्रीपत्र, कर पावत्या, सगळ्यांच्या नकला दे आणि मूळ कागद घरी ठेव — मूळ दाखल करायची वेळ आली तर काय दिलं त्याची यादी करून वकिलाची सही घे. मूळ घरी, तर चिंता अर्धी.

१६. खरं सांग, आणि सगळं सांग — लहानपणी तू प्रगतिपुस्तक धानाच्या कोठीमागे लपवायचास, तसं इथे लपवलेलं उलटतपासणीत समोरचा वकीलच बाहेर काढतो. आपला वकील त्या दिवशी पहिल्यांदा ऐकतो, आणि तेव्हा त्याला काही करता येत नाही.

१७. समोरच्या पक्षकारानं पूर्वी त्याच वकिलाचा सल्ला घेतला होता का, हे आधीच विचार — एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलानं त्याच कामात दुसऱ्या बाजूनं उभं राहू नये असा नियम आहे. मध्येच वकील बदलावा लागला तर महिने जातात.

१८. वकिलाच्या कारकुनाशी गोड राहा — तारीख, नक्कल आणि फाईल कुठल्या कपाटात आहे, हे त्यालाच पक्कं ठाऊक असतं.

फीचं बोलायला आपल्याकडे जीभ अडते. अडू देऊ नकोस.

१९. फी पहिल्याच दिवशी ठरव आणि कागदावर लिहून घे: पूर्ण दाव्याची की पेशीगणिक, न्यायशुल्क त्यात की वेगळं, टंकलेखन आणि नकलांचा खर्च कोणाचा — न ठरवलेली फी दर पेशीला वाढते आणि मनातली अढीही तिच्याबरोबर वाढते.

२०. पैसे बँकेतून दे, रोख दिलेस तर पावती घे — हातावरचा पैसा वाऱ्यावरचा हिशेब. पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणं वकिलावर बंधनकारक आहे, तेव्हा पावती मागण्यात अपमान कोणाचाच नाही.

२१. “जिंकलो तर निम्मं” असा करार करू नकोस — निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. महामार्गावरच्या अपघाताच्या दाव्यात आणि संपादनाच्या मोबदल्यात हीच बोली जास्त ऐकू येते, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा. मोबदला थेट तुझ्या खात्यात जमा व्हायला हवा, हे आधीच सांगून ठेव.

२२. न्यायाधीशांना किंवा साहेबांना द्यायचे म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच उठ — असं मागणारा एकतर फसवतो आहे, नाहीतर तुला गुन्ह्यात ओढतो आहे.

२३. वकीलपत्र वाचूनच सही कर, आणि तडजोड करण्याचा अधिकार त्यात आहे का ते बघ — असेल तर “मला विचारल्याशिवाय तडजोड नको” असं वकिलाला लेखी कळव.

२४. कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या मुद्रांकावर तर मुळीच नाही — कोऱ्यावर सही, मग झोप नाही. तातडी आहे, उद्या शेवटचा दिवस आहे, असं कितीही सांगितलं तरी नाही.

२५. दाव्याचा मसुदा मराठीत मागून घे, इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून घे — खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि प्रतिज्ञापत्रावर शपथ तुझी असते, वकिलाची नसते. चतुःसीमा आणि गट क्रमांक दोनदा तपास, एक आकडा चुकला की दुरुस्तीच्या अर्जात सहा पेश्या जातात.

२६. तू तिकडे असल्यामुळे बहिणीला मुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते लंडनमधल्या भारतीय उच्चायोगात साक्षांकित कर आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घे — उशीर झाला तर कागद पुराव्यात अडतो. मुखत्यारपत्रात फक्त याच दाव्याचं काम लिही, जमीन विकण्याचा अधिकार सवयीनं त्यात घालू नकोस.

२७. तरी साक्षीला तुला यावं लागेल असं धरून चाल — मुखत्यार तुझ्या वतीनं अर्ज देऊ शकतो, पण जे फक्त तुला ठाऊक आहे ते त्यानं तुझ्याऐवजी शपथेवर सांगितलेलं सर्वोच्च न्यायालय मानत नाही. रजा आणि तिकिटाचं आधीच वकिलाच्या कानावर घाल.

२८. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक पहिल्या आठवड्यात घे — ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची पेशी आणि मागच्या दिवशी काय झालं ते लंडनमध्येही दिसतं. मग “तारीख कधी?” म्हणून वकिलाला फोन करायचा नाही, त्याला कामाचंच विचारायचं.

२९. दर पेशीनंतर एका वहीत तीन ओळी: आज काय झालं, पुढची तारीख, आपण काय द्यायचं — पेशीला पाय, नाहीतर हातचं जाय. वकील आजारी पडला किंवा बदलला तर ही वही नव्या वकिलाचे चार दिवस वाचवते.

३०. साक्षीची पेशी रोवणीत किंवा धान कापणीत येणार असं दिसलं तर आठ दिवस आधी वकिलाला सांग — साक्षीदार बांधीत चिखलात असतो आणि इकडे पुकारा होतो. आगाऊ अर्ज केला तर न्यायालय ऐकतं, गैरहजेरीनंतरचा अर्ज महाग पडतो.

३१. समन्स आलं की घेऊन टाक, पोस्टमनला परत पाठवू नकोस — नाकारलं तरी बजावणी झाली असं धरलं जातं आणि काम एकतर्फी चालतं. लेखी जबाबाला ३० दिवस असतात, फार तर ९०, तेव्हा समन्स मिळालेल्या आठवड्यातच वकील गाठ.

मुदतीबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथे झालेलं मी पाहिलं आहे. माणसं खरी असतात, कागद खरे असतात, आणि दिवस निघून गेलेले असतात. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या संपादनाच्या मोबदल्यावरून किती घरं न्यायालयाची पायरी चढली हे तुला ठाऊक आहे. एकाच अधिसूचनेत दोघांची जमीन गेली, शेजारी न्यायालयात गेला आणि त्याचा मोबदला वाढला, तर न गेलेल्यालाही वाढीव दर मागता येतो. १८९४ च्या कायद्यात त्यासाठी कलम २८-अ होतं, २०१३ च्या कायद्यात ७३ आहे. पण मुदत आहे निकालापासून तीन महिन्यांची. शेजाऱ्यानं पेढे वाटले त्या दिवशी पेढा खा आणि निकालाची तारीख विचार.

३२. महसुली आदेशाविरुद्ध अपिलाला ६० दिवस असतात आणि आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९०. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ९० — मुदत टळली, जमीन ढळली. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज दे, नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात.

३३. तुमसरच्या व्यापाऱ्यानं धानाचा चेक दिला आणि तो परत आला तर बँकेचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे — मग त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर तुला एक महिना तक्रारीला. “पुढच्या हंगामात देतो” हे शब्द याच काळात ऐकू येतात.

३४. अपघातात माणूस गेला तर रडून झाल्यावर कॅलेंडर बघ — २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. दावा अपघाताच्या जागीच लावला पाहिजे असं नाही, आपण राहतो तिथेही लावता येतो.

३५. समोरचा एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट दाखल कर — मग तुला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालतं, संपण्याआधी नवं दे.

३६. घरातल्या कोणाला पोलिसांनी नेलं तर पहिला फोन वकिलाला, दुसरा नातेवाइकांना — वकिलाला भेटण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ नं दिला आहे आणि २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. आपण दिलेल्या फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नकोस.

३७. बिघडलेल्या पंपासाठी किंवा न उगवलेल्या बियाण्यासाठी दिवाणी दावा नको, जिल्हा ग्राहक आयोग बघ — तिथे स्वतः बोलता येतं आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची, आणि बियाण्याची पिशवी व पावती जपलेली हवी.

३८. जमीन विकत घेताना वकील आधी कर, भांडणात नव्हे — दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध आणि सातबाऱ्यावरचा ‘वर्ग-२’ हा शब्द इसारचिठ्ठीच्या आधी बघायचा असतो. या कामाची फी दाव्याच्या फीपुढे किरकोळ असते.

३९. तडजोडीला पराभव म्हणू नकोस — लोकअदालतीत मिटलं तर न्यायशुल्क परत मिळतं आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी प्रत्येक अट, दिशा आणि आराजी वाच. भाऊबंदांच्या दाव्यात तर मी आधी इथेच जा म्हणेन, लग्नकार्याला एकमेकांच्या दारात जायचं आहे.

४०. वकील बदलायचा असेल तर रागात नको, रीतीनं बदल: जुन्याचा हिशेब मिटव, त्याची ना-हरकत घे, फाईल घे — सहसा त्याच्या संमतीनंच दुसरा वकील वकीलपत्र देतो, नाही दिली तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच स्पष्ट केलं आहे.

४१. खरोखर गैरवर्तन झालं असेल तर पुराव्यानिशी तक्रार बार कौन्सिलकडे कर — ग्राहक आयोगात वकिलाविरुद्ध दाद मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला आहे. दावा हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, हा फरक मात्र मनात ठेव.

४२. निकाल आपल्या बाजूनं लागला की घरी पेढे आणि त्याच आठवड्यात हुकूमनाम्याची नक्कल — कागदावर जिंकलेली जमीन आपोआप ताब्यात येत नाही. ताब्याच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांच्या आत मागावी लागते, आणि शेतीच्या वाटणीत प्रत्यक्ष हिस्से पाडायचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, त्यासाठी वेगळा पाठपुरावा लागतो.

४३. वकिलाकडचे मूळ कागद यादीशी ताडून परत आण आणि फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे बहिणीच्या हातूनच जाऊ दे — पोच घेतलेली ती प्रत पुढे दहा ठिकाणी लागते. नवा सातबारा निघाला की दोघांची नावं अक्षर न अक्षर तपासा, आणि त्याचा फोटो मला पाठवा.